भाजीतले जड धातू: वावरापासून ताटापर्यंत काय तपासायचं, काय बदलायचं

भाजी कितीही धुतली तरी मुळांवाटे आत गेलेलं शिसं किंवा कॅडमियम बाहेर येत नाही. शिजवूनही जात नाही, कारण चुलीच्या आचेवर हे धातू जळत नाहीत आणि जमिनीत वर्षानुवर्षं पडून सडतही नाहीत. मीठ-हळदीच्या पाण्यात भाजी अर्धा तास बुडवली की सगळं विष उतरतं, असे निरोप मोबाइलवर फिरतात. त्यांचा उपयोग पानावरची धूळ आणि फवारणीचा थोडा अंश काढण्यापुरताच. म्हणून या लेखात स्वयंपाकघर जवळजवळ शेवटी येईल. आधी पाणी, मग माती, मग पीक. बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात आणि थकतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. हे वाचून कुणी पालेभाजी खाणं सोडलं, तर नुकसान जास्त होईल. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं आणि कॅडमियम अधिक ओढून घेतं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका आणि पोरं घरोघरी आहेत. त्यांना भाजी हवीच. प्रश्न कुठली भाजी, कुठल्या जमिनीतली आणि कुठल्या पाण्यावरची, एवढाच आहे.

कोणते धातू आणि ते काय करतात

भाजीच्या बाबतीत शिसं आणि कॅडमियम या दोघांवर सगळ्यात आधी लक्ष ठेवायचं. आर्सेनिकचा विचार वीज केंद्रांच्या राखेच्या पट्ट्यात आणि धानाच्या बाबतीत करायचा. पारा मुख्यतः माशांतून येतो. क्रोमियम, निकेल, तांबं हे कारखान्यांच्या सांडपाण्यात दिसतात. जस्त आणि तांबं तर शरीराला थोडं लागतंच.

शिशाचा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. जितकं कमी तितकं बरं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि शरीरातून निम्मं होण्यासच १० ते ३० वर्षं लागतात. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. तिथल्या, मुख्यतः बाळंतपणं झालेल्या वयस्कर बायकांची हाडं ठिसूळ झाली. त्या दुखण्याला लोकांनी नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असं दिलं. १९६८ साली जपान सरकारनं त्याचं कारण प्रदूषण असल्याचं मान्य केलं. आपल्याकडे तितकी वाईट अवस्था आहे, असा याचा अर्थ नाही. धातू वर्षानुवर्षं गुपचूप साठतो आणि एका जेवणानं काही कळत नाही, हे ध्यानात यावं म्हणून सांगितलं.

पायरी पहिली: आपल्या वावराभोवती फेरी मारा

प्रयोगशाळेत पैसे घालण्याआधी कागद-पेन घ्या. वावर, विहीर, नाला, रस्ता, वीटभट्टी, कारखाना, भंगारवाला, राखेचा बंधारा, सगळं कागदावर मांडा. पाणी कुठून येतं आणि वारा बहुतेक दिवस कुठून वाहतो, ते बाणांनी दाखवा. नाल्याचं पाणी वापरत असाल तर त्याच्या काठाकाठानं वरच्या अंगाला चालत जा. कुठे पाइप येऊन मिळतो, कुठे पाण्याचा रंग बदलतो, हे जागेवर गेल्याशिवाय समजत नाही.

विदर्भात कुठे जास्त सावध राहायचं? नागपूरच्या पूर्वेला नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि ते पाणी पुढे गोसीखुर्द धरणात जातं. बारमाही आणि खतासारखं जोरदार, म्हणून हे पाणी भाजीवाल्यांना परवडतं. सांडपाण्यातला पहिला धोका जंतूंचा असतो. धातूचा प्रश्न उभा राहतो तो त्यात मुलामा देणारे कारखाने, रंगकाम, बॅटरीची दुकानं यांचं पाणी मिसळतं तेव्हा. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीच्या खालच्या अंगाला असणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा.

दुसरा पट्टा औष्णिक वीज केंद्रांचा: कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, पारस, तिरोडा. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम, शिसं थोड्या प्रमाणात असतं. राखेचं पाणी बरेचदा अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात आर्सेनिक व सेलेनियम सहज फिरतात. २०२२ च्या जुलैत कोराडीजवळच्या खसाळा राख बंधाऱ्याची भिंत फुटली आणि राखेचं पाणी आजूबाजूच्या वावरांत आणि नाल्यांत शिरलं. अशी राख ज्या वावरात थर धरून बसली असेल, तिथे तपासणीशिवाय पालेभाजी घेऊ नये.

वणी, घुग्गुस, बल्लारपूर, उमरेडकडच्या कोळशाच्या रस्त्यालगत पानांवर काळी धूळ दिसते. ती दिसते म्हणून तिची भीती वाटते, पण पानावरची धूळ धुता येते. त्या मानानं न दिसणारं पाणी अधिक घातक.

आणि एक स्रोत जो जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे: जुनी बॅटरी. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, ऑटोची. ती फोडून शिसं काढतात, आम्ल तिथेच मातीत ओततात. असा उकिरडा ज्या आवारात झाला, त्या मातीत शिसं पिढ्यानपिढ्या राहतं. शेंदूरसुद्धा शिशाचाच ऑक्साइड आहे आणि खरा हिंगूळ पाऱ्याचा क्षार. हनुमानाच्या पारावर शेंदूर चढवावा, पण पोरांचे हात धुवावेत आणि पाराच्या बुडाशी सांभार (कोथिंबीर)-मेथीचे वाफे करू नयेत. घराचे जुने ऑइल पेंट खरवडताना पडलेली पापडीही सांदवाडीत (परसबागेत) टाकायची नाही. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या भिंतींवर किती शिसं आहे ते नुसतं पाहून सांगता येत नाही.

शिशाचं पेट्रोल देशभर २००० सालापासून बंद झालं. तरी महामार्गाला अगदी लागून असलेल्या जुन्या मातीत त्याचा अवशेष राहतो, कारण शिसं वरच्या थरातच चिकटून बसतं. रस्त्यापासून दूर गेलं की प्रमाण झपाट्यानं घटतं. महामार्गालगतची पहिली ५० मीटर जागा पालेभाजीऐवजी कपाशी, तूर किंवा झाडांना ठेवली की काम भागतं.

पायरी दुसरी: पाणी

रंग आणि वासावरून धातू ओळखता येत नाही. काचेसारख्या स्वच्छ पाण्यात कॅडमियम असू शकतं आणि गढूळ पाणी निर्धोक असू शकतं.

नमुना घ्यायचा तर विहिरीचा पंप दहा मिनिटं चालू ठेवा, मग बाटली भरा. बाटली साधी, नवी प्लॅस्टिकची असेल तर आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळा. धातू बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटू नयेत म्हणून पाण्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं. ते स्वतः करू नका. प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली बाटली मागून घ्या, आणि ती विसळू नका. एक नमुना मे महिन्यात, नाल्यात पाणी कमी आणि मळ दाट असतो तेव्हा. दुसरा पावसाळा संपल्यावर. एकाच नमुन्यावर निर्णय घेतलात तर तो ऋतूचा निर्णय होईल.

ओलितासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मर्यादा अशा: लिटरमागे कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियम ०.१, आर्सेनिक ०.१, निकेल ०.२. शिशाची मर्यादा ५ मिलिग्रॅम इतकी सैल आहे, कारण शिसं माती पकडून ठेवते. तिच्यावर समाधान मानू नका. त्याच विहिरीचं पाणी घरी पीत असाल तर मापं वेगळी: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम इतकंच चालतं.

पाणी वाईट निघालं आणि दुसरं नसेल तर? पाण्यातले बरेचसे धातू गाळाच्या कणांना धरून असतात. म्हणून नाल्याचं पाणी थेट पाटात न सोडता एका खड्ड्यात किंवा टाक्यात दोन दिवस ठेवायचं, वरचं निवळ पाणी फिल्टर लावून ठिबकनं द्यायचं. ठिबकमध्ये पाणी पानांना लागत नाही आणि एकूण पाणीही कमी लागतं, म्हणून धातूही कमी येतो. खाली बसलेला गाळ मात्र वावरात टाकायचा नाही.

इथे एका सरकारी योजनेबद्दल बोलावंच लागेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून तलावातला गाळ वावरात नेता येतो आणि भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ खरंच उत्तम असतो. जंगलातून आणि धानाच्या बांध्यांतून पाणी येणाऱ्या तलावाला हरकत नाही. ज्या तलावाला शहराचा नाला किंवा राखेचं पाणी मिळतं, त्याचा गाळ ट्रॉलीभर उचलण्याआधी किलोभर तपासून घ्या. वावरात एकदा पसरलेला गाळ परत गोळा करता येत नाही.

पायरी तिसरी: माती

इथे विदर्भाच्या शेतकऱ्याला निसर्गानं थोडी मदत केली आहे. पश्चिम आणि मध्य विदर्भातली काळी कपाशीची जमीन चिकणमातीची, चुनखडी असलेली, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) साधारण ७.५ ते ८.५. अशी माती शिसं आणि कॅडमियम घट्ट धरून ठेवते, मुळांना सहज देत नाही. तोच धातू तितक्याच प्रमाणात गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या हलक्या, आम्लधर्मी मातीत असेल तर झाडात जास्त चढतो.

पण हा फायदा सगळीकडे नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात क्लोराइड भरपूर. क्लोराइड कॅडमियमला धरून मातीतून सोडवतं आणि ते झाडाला अधिक मिळतं. खाऱ्या विहिरीवर मेथी-पालक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि आर्सेनिक उलट वागतं: जास्त सामूवर आणि साचलेल्या पाण्यात ते सुटतं. धानाच्या बांधीत ते म्हणूनच दाण्यात येतं.

आता तपासणी. मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे १२ घटक येतात. त्यात शिसं, कॅडमियम, आर्सेनिक नाहीत. “आमची माती तपासली, चांगली आली” असं कुणी म्हटलं तर धातूंबद्दल त्यातून काहीच कळत नाही. जड धातूंची चाचणी वेगळी मागावी लागते आणि तिला वेगळे पैसे पडतात.

नमुना घेताना लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा असलेली खुरपी टाळा. लाकडी किंवा स्टीलची चालते. एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करायचा, त्याच्या कडेवरून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत मातीची एक चिप्पी घ्यायची. धुरा (बांध), शेणखताचा ढीग, झाडाखालची जागा आणि विहिरीच्या काठाची जागा सोडायची. सगळी माती स्वच्छ प्लॅस्टिकवर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. नाल्याजवळचा आणि दूरचा भाग वेगळे ठेवा. एकत्र केलेत तर सरासरी येईल आणि वाईट तुकडा लपून जाईल.

कुठे द्यायचं? अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि नागपूरचीच नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), या तिन्ही संस्थांचं काम माती-पाण्याशी निगडित आहे. बाहेरचे नमुने घेतात का, शुल्क किती, हे आधी विचारून जा. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रस्ता दाखवतं. खासगी प्रयोगशाळा निवडलीत तर ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का आणि ती मान्यता जड धातूंच्या चाचणीसाठी आहे का, हे दोन्ही विचारा. एका शेतकऱ्याला हा खर्च जड जातो. एकाच नाल्यावरच्या दहा-बारा जणांनी मिळून वरचं, मधलं, खालचं अशी तीन वावरं तपासली तर सगळ्यांना पुरेसं समजतं.

पायरी चौथी: अहवाल वाचणं

निम्मी भीती आणि निम्मा खोटा दिलासा इथेच तयार होतो, म्हणून सावकाश वाचा.

भाजीचा अहवाल ओल्या वजनावर आहे की सुक्या, हे सगळ्यात आधी शोधा. अन्नाच्या मर्यादा ताज्या, ओल्या भाजीवर असतात. प्रयोगशाळा बरेचदा भाजी वाळवून मोजतात. समजा मेथीत ९० टक्के पाणी आहे आणि सुक्या वजनावर शिसं किलोमागे २ मिलिग्रॅम आलं. ताज्या भाजीत ते होईल त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं, म्हणजे ०.२. पालेभाज्यांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा ०.३ आहे, एफएसएसएआय या भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची चौकटही त्याच धर्तीची. म्हणजे ही मेथी मर्यादेत. २ आणि ०.३ थेट समोरासमोर ठेवून “सहापट विषारी भाजी” असा मथळा छापता येतो, आणि छापलाही जातो.

कोडेक्सच्या उरलेल्या कामाच्या मर्यादा: मुळा-गाजर-आलूत शिसं ०.१, कॅडमियम पालेभाज्यांत ०.२, कंदमुळांत ०.१, फळभाज्यांत ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो.

दुसरी गोष्ट ‘बीडीएल’. म्हणजे यंत्राला सापडलं नाही. पण यंत्राला किती कमी सापडतं? शिशाची मोजण्याची खालची मर्यादा ०.५ असेल आणि कायद्याची ०.३, तर त्या ‘बीडीएल’ला काही अर्थ उरत नाही. हा आकडा अहवालावर लिहून मागा.

तिसरी गोष्ट मातीबद्दल. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली, त्यात क्रोमियम, निकेल आणि तांबं मुळातच जास्त असतं. अहवालात क्रोमियम जास्त दिसलं म्हणून शेजारच्या कारखान्यावर बोट दाखवण्याआधी नाल्यापासून लांबच्या, न भिजलेल्या वावराची माती तुलनेला तपासा. दोन्हींत सारखंच असेल तर ते खडकाचं. फरक असेल तर पुरावा तुमच्या हातात आला. भारतातल्या अभ्यासांत सहसा वापरली जाणारी मातीची मर्यादा कॅडमियमसाठी ३ ते ६ आणि शिशासाठी २५० ते ५०० मिलिग्रॅम प्रति किलो अशी आहे. युरोपची यापेक्षा कडक आहे, आणि भाजीच्या वावरासाठी मला तीच अधिक पटते.

पायरी पाचवी: कुठे काय लावायचं

स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे. पालेभाज्या धातू सर्वांत जास्त घेतात आणि पानांवर धूळही सर्वांत जास्त बसते: पालक, मेथी, लाल माठ, चवळी, अंबाडी, आंबटचुका, सांभार. त्याखालोखाल मुळा, गाजर, बीट. भेंडी, दोडके, कारलं, कोहळं, टमाटर, गवार, वाल, चवळीच्या शेंगा यांच्या फळात बहुधा कमी येतं, कारण झाड धातू मुळांत आणि पानांत अडवतं. फळभाज्यांत वांगं कॅडमियमच्या बाबतीत जरा हावरट. जपानमध्ये रानवांग्याच्या खुंटावर कलम करून ते कमी केलेलं आहे. मर रोगासाठी आपल्याकडे कलमी रोपं मिळतात, त्यांचा हाही एक उपयोग.

म्हणून जवळ बरं-वाईट असे दोन तुकडे असतील तर पालेभाजी वरच्या, विहिरीच्या पाण्यावरच्या तुकड्यात आणि शेंगा-वेल खालच्या तुकड्यात. सगळंच वावर बिघडलेलं असेल तर खाद्यपीक काढून कपाशी किंवा झेंडू-शेवंती. नागपूरच्या फूलबाजाराला ते चालतं. सांगायला सोपं, करायला अवघड आहे हे मान्य. पालक महिनाभरात पैसे देतो, कपाशी सहा महिने थांबवते.

मोहरी-सूर्यफूल लावून जमीन स्वच्छ होते, असंही सांगतात. झाडं धातू ओढतात हे खरं, पण जमीन साफ व्हायला अनेक वर्षं लागतात आणि ती काढलेली झाडं जनावरांना घालता येत नाहीत, जाळता येत नाहीत. लहान शेतकऱ्यानं यात पडू नये, असं माझं मत.

पहिल्या पावसानंतर तरोटा, घोळ, केना खुडायला बाया निघतात. ती भाजी सोडू नका, खुडण्याची जागा बदला. रेल्वेरूळ, महामार्ग, कारखान्याची भिंत इथली नको. रानातली, जंगलाच्या कडेची घ्या.

सांदवाडीची माती संशयास्पद असेल तर फूटभर उंचीचा गादीवाफा करा. खाली तणरोधक कापड अंथरा, वर दुसरीकडची चांगली माती आणि शेणखत टाका. वाफ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं की पावसाचे थेंब माती पानांवर उडवत नाहीत. पालकाच्या खालच्या पानांवर आढळणारं बरंचसं शिसं याच उडालेल्या मातीचं असतं.

पायरी सहावी: मातीला काय द्यायचं

आम्लधर्मी जमिनीत चुना टाकला की धातू घट्ट बसतात. दुसऱ्या राज्यांतल्या व्हिडिओंत म्हणून चुना सांगतात. सामू ८ असलेल्या काळ्या जमिनीत चुना टाकू नका. धातूचा काही फरक पडणार नाही, उलट जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होईल. सामू ६.५ च्या खाली असलेल्या पूर्व विदर्भातल्या जमिनीतच, परीक्षण करून, चुना द्यावा.

काळ्या जमिनीला उपयोगी पडतं कुजलेलं शेणखत आणि जस्त. सेंद्रिय पदार्थ शिशाला धरून ठेवतो. जस्त आणि कॅडमियम मुळाच्या एकाच दारातून आत जातात. जस्त पुरेसं असलं की कॅडमियमला वाव कमी. विदर्भातल्या बऱ्याच जमिनींत जस्ताची कमतरता आहेच. परीक्षणात ते ०.६ पीपीएमच्या खाली आलं तर एकरी १० किलो झिंक सल्फेट द्यावं. स्फुरदाच्या खतांत कॅडमियमचा अंश असतो, तेव्हा डीएपी-सुपर फॉस्फेट परीक्षणाला हवं तेवढंच.

शहरी कचऱ्याचं कंपोस्ट स्वस्तात मिळतं. खत नियंत्रण आदेशात त्याला मर्यादा आहेत: किलोमागे शिसं १००, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, पारा ०.१५ मिलिग्रॅम. गोणीवर हा तपशील नसेल तर भाजीला घालू नका. सुट्या ट्रॉलीनं येणाऱ्या खतात काचा, सेल आणि वायर दिसली तर ती ट्रॉली परत पाठवा.

वरुड-मोर्शी-काटोलकडे संत्र्याची बाग काढून भाजी लावणाऱ्यांसाठी एक ओळ: वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण गेलेल्या मातीत तांबं साठलेलं असतं. खाणाऱ्यापेक्षा रोपालाच त्याचा जास्त त्रास होतो.

पायरी सातवी: बाजार आणि स्वयंपाकघर

आठवडी बाजारात भाजीवाल्याला विचारा, “कोणत्या गावची? विहिरीची का नाल्याची?” खरं उत्तर प्रत्येक वेळी मिळणार नाही, पण विचारत राहिलात तर विकणाऱ्यांना कळतं की गिऱ्हाईक हे पाहतं. एकाच ठिकाणची एकच भाजी रोज घेऊ नका. गावं आणि भाज्या बदलत राहिल्यानं कुठल्याही एका वावरातला धातू ताटात साचत नाही.

घरी भाजी निवडताना बाहेरची जुनी पानं टाका, आधी माती झटका, मग भरपूर पाण्यात दोन-तीनदा हलवून धुवा. चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवल्यानं धुळीतला अंश आणखी उतरतो. मुळा-गाजराची साल काढा. धानाच्या पट्ट्यात आर्सेनिकची शंका असेल तर तांदूळ जास्त पाण्यात शिजवून पाणी गाळून टाकावं. पाणी स्वच्छ असेल तर आर्सेनिक बरंच कमी होतं, मात्र पेज प्यायची सवय तेवढ्यापुरती सोडावी लागते. मुलांना आणि गरोदर बाईला डाळ, दूध, तीळ, अळीव, गूळ-फल्ली मिळू द्या. लोह-कॅल्शियमनं भरलेलं आतडं शिशाला कमी जागा देतं.

भाजी चांगली आणि भांडं वाईट, असंही होतं. भंगारातून ओतलेल्या जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) भांड्यात शिसं असू शकतं; अंबाडी, टमाटर, चिंच अशा आंबट गोष्टी त्यात शिजवू नका. पितळेच्या भांड्याला कल्हई हवी, आणि कल्हईत शिसं मिसळलेलं नको. ओळखीच्या कल्हईवाल्याकडून, समोर बसून करून घ्या.

हळद वेगळी सांगायला हवी. पिवळा झगझगीत रंग यावा म्हणून हळकुंडाला लेड क्रोमेट चोळतात, ते थेट शिसं. हळदीत त्याला कायद्यानं पूर्ण बंदी आहे. साधी परीक्षा: हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाका. लगेच पिवळा रंग सुटला तर संशय घ्या. शक्य असेल तर वायगावसारख्या ओळखीच्या पट्ट्यातलं हळकुंड आणून घरी किंवा गिरणीवर समोर दळून घ्यावं.

पायरी आठवी: तक्रार

भाजी, मसाला, पॅकबंद पदार्थ संशयास्पद वाटला तर अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी आणि वावरातलं पीक वगळलेलं आहे, म्हणून गावातल्या भाजीवाल्या शेतकऱ्याशी भांडून हाती काही लागत नाही. त्याच्याही पाण्यात कुणी तरी सोडलेलंच असतं.

पाणी सोडणाऱ्याविरुद्ध तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. नागपूर, अमरावती, चंद्रपूर इथे त्यांची प्रादेशिक कार्यालयं आहेत. मोघम लिहू नका. पाइप कुठे आहे, पाणी कोणत्या दिवशी किती वाजता सुटतं, रंग-वास काय, खालच्या अंगाला कुणाची किती वावरं आहेत, हे तारखेसह लिहा. फोटोत नाला आणि ओळखण्याजोगी खूण दोन्ही येऊ द्या. तपासणी अहवालाची प्रत जोडा, मूळ अहवाल घरी ठेवा. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर अर्ज एकट्याचा राहत नाही. पोच म्हणून आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिनाभरात हालचाल झाली नाही तर तोच क्रमांक टाकून माहिती अधिकाराचा अर्ज करा: नमुना घेतला का, कोणत्या तारखेला, अहवालात काय आलं.